रोजचे इंग्रजी : ‘हॅव’च्या पुढचा शब्द ऐका





मागच्या महिन्यात आपण ‘टेक’ हे क्रियापद पाहिले. या वेळी ‘हॅव’ घेऊ या. हा शब्द तर पहिलीच्या पुस्तकातला, त्याला अख्खे सदर कशाला, असे काहींना वाटेल. मलाही तसेच वाटत होते. पण आमच्या घरी दर शनिवारी असरनंतर ज्या आठ-दहा जणी इंग्रजी शिकायला जमतात, त्यांच्यातल्या एकीने आपला अनुभव सांगितला आणि मी ठरवलेला विषय बाजूला ठेवला.

ही भगिनी कोकणातली. बारावी झालेली. तिचे पती आखाती देशात नोकरीला आहेत आणि तीही काही वर्षे तिकडे राहून आली आहे. तिथे असताना तिच्या सहा वर्षांच्या मुलाचे टॉन्सिल्सचे ऑपरेशन ठरले. आदल्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. पती ड्यूटीवर होते, फोन हिनेच घेतला. पलीकडची सिस्टर भराभर बोलली. हिला वेळ समजली, मजला समजला; बाकीच्याला ‘येस, येस’ म्हणून हिने फोन ठेवला.

सकाळी मुलगा भुकेने रडू लागला. आईच ती. फजरनंतर तिने त्याला अर्धा ग्लास दूध आणि दोन बिस्किटे दिली. दवाखान्यात पोहोचल्यावर सिस्टरने फाइल उघडून विचारले, ‘हॅज ही हॅड एनीथिंग धिस मॉर्निंग?’

हिच्या कानाने ‘हॅज’ पकडले आणि ‘एनीथिंग’ पकडले. ‘हॅज’ म्हणजे ‘आहे’, ‘एनीथिंग’ म्हणजे ‘काही’. म्हणजे ‘आज सकाळी याला काही आहे का?’ ताप, खोकला, उलटी असे काही विचारत असणार. मुलगा तर ठणठणीत होता. हिने हसून सांगितले, ‘नो सिस्टर, नथिंग.’

सिस्टरचा प्रश्न मात्र वेगळा होता. ‘याने आज सकाळी काही खाल्ले-प्याले आहे का?’ आणि उत्तर मिळाले होते, ‘नाही, काहीच नाही.’

ऑपरेशनच्या आधी भूल देतात, तेव्हा पोट रिकामे असावे लागते. भुलीमध्ये गिळण्याची आणि खोकण्याची ताकद मंदावते. पोटातले अन्न वर आले तर ते फुप्फुसात उतरू शकते, आणि ते जिवावर बेतू शकते. म्हणून साधारणपणे जेवण आणि दूध किमान सहा तास आधी बंद करतात. तो प्रश्न त्यासाठी होता.

अल्लाहची मेहरबानी अशी की मुलाला आत नेण्यापूर्वी दुसऱ्या एका सिस्टरने त्याच्या गालावर हात ठेवून मोडक्यातोडक्या हिंदीत विचारले, ‘बेटा, नाश्ता किया?’ मुलगा म्हणाला, ‘हां, दूध-बिस्किट खाया.’ ऑपरेशन थांबले, दुसऱ्या दिवशी झाले आणि व्यवस्थित पार पडले. पण ते ‘नो सिस्टर, नथिंग’ आठवले की आजही हातपाय गार पडतात, असे ती सांगत होती. ती म्हणाली, ‘आपा, मला इंग्रजी येत नव्हते असे नाही. त्या वाक्यातला प्रत्येक शब्द मला येत होता.’

हे तिचे वाक्य मला फार मोलाचे वाटले. आपल्यापैकी अनेकांची अडचण हीच आहे. शब्द येतात, पण ‘हॅव’ कोणत्या कामावर आहे हे कळत नाही.

गोंधळ का होतो?

कारण ‘हॅव’ला मराठीत एक शब्दच नाही. आपण काय म्हणतो पाहा :

माझ्याकडे शिलाई मशीन आहे.
मला दोन मुलगे आहेत.
तिचे केस लांब आहेत.
त्याच्यात हिंमत आहे.

वस्तू असेल तर ‘कडे’, नाते असेल तर ‘ला’, शरीराचा भाग असेल तर ‘चे’, गुण असेल तर ‘त’. क्रियापद सगळीकडे एकच, ‘आहे’. इंग्रजीत या चारही ठिकाणी ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ येते :

‘आय हॅव अ स्यूइंग मशीन.’
‘आय हॅव टू सन्स.’
‘शी हॅज लाँग हेअर.’
‘ही हॅज करेज.’

आपल्या घरांत उर्दूही बोलली जाते. तिथेही तीच गोष्ट : ‘मेरे पास किताब है’, ‘मेरे दो भाई हैं’, ‘मुझे बुखार है’. मुले अरबी शिकतात, तिथे ‘इंदी किताब’ म्हणजे शब्दशः ‘माझ्याजवळ पुस्तक’. म्हणजे मराठी, उर्दू आणि अरबी या तिन्ही भाषांत आपल्याला ‘हॅव’सारखे रोजच्या वापराचे एकच क्रियापद सापडत नाही. तेव्हा गोंधळ झाला तर तो बुद्धीचा दोष नव्हे.

पण गंमत अशी की ‘हॅव’ आपल्या घरात दुसऱ्या वाटेने कधीच येऊन बसला आहे. फारसीत ‘दाश्तन’ हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ ‘जवळ असणे, बाळगणे’. त्याचेच ‘दार’ हे रूप आपण रोज बोलतो. ज्याचे दुकान आहे तो दुकानदार. ज्याच्यावर कर्ज आहे तो कर्जदार. ज्याच्याशी नाते आहे तो नातेदार. ज्याच्याजवळ ईमान आहे तो ईमानदार. ज्या पदार्थाला चव आहे तो चवदार. वस्तू असो, कर्ज असो, नाते असो की गुण असो, ‘दार’ सगळ्यांना चालतो. ‘हॅव’चेही असेच आहे. ‘ही हॅज अ शॉप’, ‘ही हॅज डेट्स’, ‘ही हॅज रिलेटिव्ह्ज’. पुढे कधी अडलात तर मनात ‘दार’ जोडून पाहा, अर्थ लागेल.

हे झाले ‘हॅव’चे पहिले काम. त्याची आणखी दोन मोठी कामे आहेत. कोणते काम चालू आहे हे ओळखायची खूण एकच : ‘हॅव’कडे पाहू नका, त्याच्या पुढचा शब्द ऐका.

पहिले काम : पुढे नाव आले तर

‘हॅव’च्या पुढे एखादी वस्तू, माणूस, आजार किंवा खाण्याचा पदार्थ आला, तर अर्थ ‘असणे’ किंवा ‘खाणे-पिणे, घेणे’ असा होतो.

‘आय हॅव अ फीवर.’ मला ताप आहे.
‘माय सन हॅज अ कफ.’ माझ्या मुलाला खोकला आहे.
‘वुई हॅव गेस्ट्स टुडे.’ आज आमच्याकडे पाहुणे आहेत.
‘वुई हॅव डिनर आफ्टर इशा.’ आम्ही इशानंतर जेवतो.
‘प्लीज हॅव सम शीरखुर्मा.’ थोडा शीरखुर्मा घ्या ना.
‘प्लीज हॅव अ सीट.’ बसा ना.

शेवटची दोन वाक्ये ईदच्या दिवशी शेजाऱ्यांसाठी उपयोगी पडतील. ‘ईट शीरखुर्मा’ म्हटले तर हुकूम केल्यासारखे वाटते. ‘हॅव’मध्ये आग्रह आहे, अदब आहे.

इथे आपली एक नेहमीची चूक होते. आपण म्हणतो, ‘आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स.’ हे चुकीचे. भाऊ काही या क्षणी ‘चालू’ नसतात. जे कायम आहे, त्याला साधे ‘हॅव’. जे आता चालले आहे आणि थोड्या वेळात संपणार आहे, त्याला ‘हॅविंग’. म्हणून ‘आय हॅव टू ब्रदर्स’, पण ‘आय अॅम हॅविंग टी’. नोकरीच्या मुलाखतीत ‘आय अॅम हॅविंग अ डिग्री’ असे आपली हुशार मुलेमुलीही बोलून जातात. ‘आय हॅव अ डिग्री’ म्हणा.

नकार देताना ‘डू’ची मदत घ्यावी लागते. ‘माझ्याकडे गाडी नाही’ याचे ‘आय हॅव नॉट कार’ होत नाही. ‘आय डोन्ट हॅव अ कार’, ‘शी डझन्ट हॅव अ पासपोर्ट’ असे म्हणावे. प्रश्नही तसाच : ‘डू यू हॅव चेंज?’ सुटे पैसे आहेत का? एक बारीक फरक लक्षात ठेवा. ‘डू यू हॅव टाइम?’ म्हणजे तुम्हाला वेळ आहे का? आणि ‘डू यू हॅव द टाइम?’ म्हणजे किती वाजले? त्या छोट्या ‘द’मुळे प्रश्नच बदलतो.

दुसरे काम : पुढे ‘टू’ आले तर

‘हॅव’च्या पुढे ‘टू’ आणि त्यानंतर क्रियापद आले, तर अर्थ ‘लागणे’ किंवा ‘करणे भाग आहे’ असा होतो.

‘आय हॅव टू गो.’ मला जावे लागेल.
‘शी हॅज टू टेक धिस टॅबलेट.’ तिला ही गोळी घ्यावी लागते.
‘ही हॅड टू वेट.’ त्याला थांबावे लागले.

बोलताना हे ‘हॅव टू’ असे ऐकू येत नाही. ‘व्ह’चा ‘फ’ होतो आणि दोन्ही शब्द जोडले जाऊन ‘हॅफ्टू’ ऐकू येते. ‘हॅज टू’चे ‘हॅस्टू’ होते. हे ध्यानात असले तर फोनवरचे बोलणे पटकन समजते. एरवी मात्र ‘हॅज’मधला ‘ज’ उर्दूतल्या ‘नमाज’च्या ‘ज’सारखा उच्चारायचा, ‘जग’मधल्या ‘ज’सारखा नाही.

या कामाचा नकार सर्वांत धोक्याचा आहे. दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा :

‘यू डोन्ट हॅव टू ईट.’
‘यू मस्ट नॉट ईट.’

पहिल्याचा अर्थ ‘खाल्लेच पाहिजे असे नाही’. खायचे असेल तर खा, नसेल तर राहू द्या. दुसऱ्याचा अर्थ ‘खायचे नाही’, सक्त मनाई. दुकानात ‘यू डोन्ट हॅव टू पे’ असे कोणी म्हणाले, तर पैसे देण्याची गरज नाही, इतकेच. पण दवाखान्यातली सिस्टर ‘ही मस्ट नॉट हॅव एनीथिंग आफ्टर मिडनाइट’ म्हणाली, तर मध्यरात्रीनंतर मुलाच्या पोटात काहीही जाता कामा नये. आपल्या भगिनीला आदल्या दिवशीच्या फोनवर जे सांगितले गेले, ते बहुधा असेच काहीतरी होते.

तिसरे काम : पुढे क्रियापदाचे तिसरे रूप आले तर

शाळेत आपण पाठ केले होते : ‘ईट, एट, ईटन’, ‘गो, वेंट, गॉन’, ‘पे, पेड, पेड’. यातले तिसरे रूप ‘हॅव’च्या पुढे आले, तर ‘हॅव’चा ‘जवळ असणे’शी काही संबंध उरत नाही. तो केवळ मदतनीस होतो. अर्थ होतो, काम झालेले आहे.

‘आय हॅव ईटन.’ मी जेवले आहे.
‘ही हॅज गॉन टू द मस्जिद.’ तो मशिदीत गेला आहे.
‘वुई हॅव पेड द फी.’ आम्ही फी भरली आहे.

इथे एक पथ्य आहे. ‘काल’, ‘सोमवारी’, ‘मागच्या वर्षी’ अशी गेलेली वेळ सांगितली, की या मदतनिसाला सुट्टी द्यायची. ‘वुई हॅव पेड द फी यस्टरडे’ नव्हे, ‘वुई पेड द फी यस्टरडे’. शाळेच्या ऑफिसात उभे राहून बोलताना ही चूक हमखास होते.

आता खरी गाठ. ‘हॅव’चे स्वतःचे तिसरे रूप ‘हॅड’ आहे : ‘हॅव, हॅड, हॅड’. म्हणजे ‘हॅव’ मदतनीस होऊन पुढे पुन्हा ‘हॅव’च आला, तर काय होणार? ‘हॅव हॅड’ किंवा ‘हॅज हॅड’. वर्गात हे ऐकून सगळ्या जणी हसल्या. पण यात अवघड काही नाही. पहिला ‘हॅव’ मदतनीस, म्हणजे ‘झाले आहे’. दुसरा ‘हॅड’ खऱ्या कामाचा, म्हणजे ‘खाणे, घेणे, होणे’.

‘हॅव यू हॅड सेहरी?’ तुमची सेहरी झाली का?
‘यस, आय हॅव हॅड सेहरी.’ हो, माझी सेहरी झाली आहे.
‘शी हॅज हॅड अ बाथ.’ तिची अंघोळ झाली आहे.
‘हॅज ही हॅड मीझल्स?’ याला पूर्वी गोवर झाला आहे का?

आणि आता पुन्हा तोच प्रश्न वाचा : ‘हॅज ही हॅड एनीथिंग धिस मॉर्निंग?’ आता अर्थ लागला ना? ‘हॅज’ ऐकून थांबू नका. त्याच्या पुढचा ‘हॅड’ ऐका. ‘हॅड’ आले म्हणजे सिस्टर ‘आहे का’ विचारत नाही, ‘झाले का’ विचारते आहे. मुलाला काही त्रास आहे का, असे तिला विचारायचे असते तर ती ‘डझ ही हॅव एनी प्रॉब्लेम?’ म्हणाली असती. तिथे सुरुवात ‘डझ’ने होते.

दवाखान्यात पुन्हा पुन्हा विचारले जाणारे चार प्रश्न खाली देत आहे. मोठ्याने वाचा आणि प्रत्येकात ‘हॅव’ कोणत्या कामावर आहे ते ओळखा :

‘डझ ही हॅव एनी अॅलर्जी?’ याला कशाची अॅलर्जी आहे का? (असणे)
‘हॅज ही हॅड एनी ऑपरेशन बिफोर?’ याचे पूर्वी एखादे ऑपरेशन झाले आहे का? (झालेले काम)
‘डझ ही हॅव टू टेक एनी मेडिसिन एव्हरी डे?’ याला रोज एखादे औषध घ्यावे लागते का? (लागणे)
‘हॅज ही टेकन हिज मेडिसिन?’ याने औषध घेतले आहे का? (झालेले काम)

तिसरा आणि चौथा प्रश्न नीट पाहा. एकात रोजच्या औषधाची चौकशी आहे, दुसऱ्यात आजच्या. उत्तर चुकले तर औषध दोनदा दिले जाईल किंवा राहूनच जाईल.

एक वाक्य मात्र पाठच करा

भगिनींनो, एवढे सगळे वाचूनही समोरचा भराभर बोलला तर गोंधळ होणारच. त्या वेळी ‘येस, येस’ म्हणू नका. समजले नाही हे सांगण्यात कमीपणा नाही. ज्या सिस्टरने प्रश्न विचारला, तिचीही मातृभाषा बहुधा इंग्रजी नसते. तीही आपल्यासारखीच शिकून बोलत असते. म्हणून हे वाक्य पाठ करा :

‘सॉरी, प्लीज से इट स्लोली.’ कृपया हळू सांगा.

आणि प्रश्न समजल्यासारखा वाटला, तरी खात्री करण्यासाठी तो आपल्या सोप्या शब्दांत परत विचारा :

‘डू यू मीन, हॅज ही ईटन?’ याने खाल्ले आहे का, असे विचारता का?

आपल्या भगिनीने ही दोन्ही वाक्ये देवनागरीत लिहून मुलाच्या दवाखान्याच्या फाइलमध्ये पहिल्याच पानावर चिकटवली आहेत. घरी सून, मुलगी किंवा बहीण परदेशी जाणार असेल, तर तिच्या बॅगेतही अशी एक चिठ्ठी ठेवा.

सराव

खालील वाक्ये इंग्रजीत करा. उत्तरे शेवटी आहेत, पण आधी स्वतः प्रयत्न करा. घरातल्या मुलांना सोबत घ्या, तीही शिकतील.

1. मला तीन बहिणी आहेत.
2. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे.
3. आम्ही चहा पीत आहोत.
4. मला उद्या बँकेत जावे लागेल.
5. तुम्हाला पैसे देण्याची गरज नाही.
6. तिने फॉर्म भरला आहे.
7. तिने काल फॉर्म भरला.
8. तुमचा नाश्ता झाला का?

उत्तरे

1. ‘आय हॅव थ्री सिस्टर्स.’
2. ‘माय मदर-इन-लॉ हॅज डायबिटीज.’
3. ‘वुई आर हॅविंग टी.’
4. ‘आय हॅव टू गो टू द बँक टुमॉरो.’
5. ‘यू डोन्ट हॅव टू पे.’
6. ‘शी हॅज फिल्ड द फॉर्म.’
7. ‘शी फिल्ड द फॉर्म यस्टरडे.’
8. ‘हॅव यू हॅड ब्रेकफास्ट?’

आठपैकी सहा बरोबर आली तर माशाअल्लाह, उत्तम. सहावे आणि सातवे चुकले असेल तर ‘काल’चे पथ्य पुन्हा वाचा. आठवे चुकले असेल तर त्या दूध-बिस्किटांची आठवण ठेवा, पुन्हा चुकणार नाही.

पुढच्या महिन्यात इन्शाअल्लाह ‘गेट’ हे क्रियापद पाहू. तोपर्यंत घरात दिवसातून एकदा तरी ‘हॅव’ वापरून बोला. मुले हसली तर हसू द्या. त्यांच्यासाठीच तर आपण शिकतो आहोत.

वस्सलाम.